पाच हजारांपर्यंत मोजणारा

आमच्या पिढीने बेसिक शिकली ती चपला बाहेर काढून. १९८९ साली क्लासच्या एसी खोलीत शिरताना पायसुद्धा पुसावे लागत. आत काळ्या पडद्यावर जीडब्ल्यू-बेसिक आधी 'ओके' म्हणे आणि मग काम विचारी. घरात असं कोणी नव्हतं. आकडा विचारल्यावर चुकून अक्षर टंकलं, तर मात्र 'पुन्हा पहिल्यापासून करा' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य फेकून ती मोकळी होई. ते मी बी.कॉम.च्या निकालातही वाचलं.

कॉमर्सवाल्यानं यात पडायचं कारण काय, असं तेव्हा लोक विचारत. पण अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी ही भाषा घडवली, ती विज्ञानाबाहेरच्या मुलांनाही संगणक वापरता यावा म्हणूनच. १ मे १९६४ च्या पहाटे चार वाजता ती पहिल्यांदा चालली. म्हणजे मी हक्काचा लाभार्थी.

प्रत्येक ओळीला क्रमांक द्यायचा, तोही १०, २०, ३० असा. पंगतीत उशिरा येणाऱ्यांसाठी मधले पाट मोकळे ठेवावेत, तसं. माझ्याकडे पाहुणेच फार. २० आणि ३० च्या मध्ये नऊ जण बसून दहावा उभाच राही.

त्या क्लासात मी एकच कामाची गोष्ट केली. बाबांच्या पन्नाशीला शुभेच्छांचा प्रोग्रॅम. एक ओळ उमटायची, मग संगणकाने १ ते ५००० मोजायचे, मग पुढची ओळ. मोजण्याचा उपयोग शून्य, नुसता वेळ काढायचा. तेवढ्यात बाबा ओळ वाचून, चष्मा सारखा करून तयार असत.

परवा माळ्यावर त्या प्रोग्रॅमची वही सापडली. मुलाने लॅपटॉपवर क्यूबी-सिक्स्टीफोर उतरवून दिलं. हा जुन्या क्यूबेसिकचा नवा अवतार, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतो. निळा पडदा क्यूबेसिकसारखाच. ओळींचे क्रमांक दिले तरी चालतात, नाही दिले तरी. (नाही दिले तर मला उघडं पडल्यासारखं होतं.) आत मात्र तो आपली बेसिक आधी सी-प्लस-प्लसमध्ये लिहून काढतो, मग यंत्राच्या भाषेत उतरवतो. त्यामुळे पूर्वी प्रोग्रॅम लगेच सुरू होऊन सावकाश चाले. आता सुरू व्हायला वेळ लागतो आणि संपायला लागत नाही.

बाबांना समोर बसवलं. ते आता पंच्याऐंशीच्या पुढचे. बटण दाबलं आणि सगळ्या ओळी एकदम येऊन बसल्या. पाच हजार कधी मोजले, कोणालाच कळलं नाही.

"सुरू कर की," बाबा म्हणाले.

"आजोबा, झालं."

"काय झालं?"

मुलाने मला बाजूला सारून मोजणीची ओळ खोडली आणि तिथे 'डिले' लिहिलं. ही नव्यांची सोय, किती सेकंद थांबायचं ते थेट सांगायचं. आधी पाच घातले. बाबांची पहिली ओळ वाचून होण्याआधीच दुसरी आली. मग सात. मग नऊ.

"आता नीट चालतोय," बाबा म्हणाले. "क्लासातला जरा फास्टच होता."

ओळ क्रमांक ३० वर सध्या नऊच आहेत.