करंगळीचा भाव

परळच्या गिरण्यांत बोटं जायची तेव्हाही 1923 चा नुकसानभरपाई कायदा होता. गिरण्यांच्या जागी मॉल आले, त्यांच्या मागच्या दारी फोर्कलिफ्ट आली, आणि कायद्यातलं बोटांचं दरपत्रक आजही वाचण्यासारखं आहे. अंगठा 30 टक्के, तर्जनी 14, मधलं बोट 12, करंगळी 7. अनामिकाही 7च, अंगठीचे वेगळे धरत नाहीत. पगार 40 हजार असो, 2020 मध्ये ठरल्याप्रमाणे हिशेब 15 हजारांवरच. म्हणजे चाळिशीच्या करंगळीचे साधारण 1 लाख 16 हजार. सुरक्षेचा नियम कामगाराने मुद्दाम मोडला, एवढं मालकाने सिद्ध केलं की तेही वाचले! म्हणूनच काही ठिकाणी हेल्मेट कपाटात असतं आणि ‘हेल्मेट मिळाले’ ही सही फायलीत. बाबांनो, आधी हेल्मेट घ्या, मग सही करा.