मोडता न येणारं सोनं

आमच्या निलंग्यात सोन्याला फार राबवतात. मृगाचा पाऊस पडला की बियाण्या-खतासाठी गंठण गहाण पडतं आणि सोयाबीनची रास झाली की सुटून घरी येतं. पावसानं दगा दिला तर पाटल्या मोडतात. लेकीचं लग्न ठरलं की आजीची बोरमाळ आटवून नवा दागिना घडवतात. तीन पिढ्यांत एकाच सोन्यानं बियाणं, दवाखाना, कॉलेजची फी आणि हुंडा अशी सगळी कामं केलेली असतात. इतकं राबूनही त्याला कुणी मान देत नाही. म्हणून ज्या सोन्यानं जन्मात कुणाचीच अडचण भागवली नाही, त्याची थोरवी आज सांगायची आहे. ते सोनं म्हणजे संग्राहकांचं सोन्याचं क्रोनोग्राफ घड्याळ.

असं घड्याळ घेऊन सराफाच्या पेढीवर जाऊन बघा. सोनं 18 कॅरेट, म्हणजे शंभरात पंच्याहत्तर भाग. सराफ काच आणि आतलं मशीन बाजूला काढायला सांगेल, कस लावेल, घट धरेल आणि उरलेल्या तोळ्यांचा भाव सांगेल. लाखांनी घेतलेली वस्तू त्या काट्यावर एखाद्या जाडजूड गोफाच्या पंक्तीला येऊन बसते. मालक मुकाट्यानं घड्याळ खिशात घालून परत येतो. अडीनडीला विकलं जात नाही, त्यामुळे घर सोडून जात नाही. इतकं निष्ठावंत सोनं आपल्या बायकांच्या अंगावर कधी नव्हतं.

त्याची निगाही वेगळी. दिवाळीच्या आधी आपण डाग उजळून आणतो. हे घड्याळ उजळलं की त्याची किंमत उतरते, कारण जाणकाराला मूळच्या कडा आणि मूळचे ओरखडे हवे असतात. सोबतचा खोका, पहिली पावती आणि वॉरंटीचा कागद यांना सातबाऱ्याइतकं जपावं लागतं. सगळ्यांत जास्त मोल त्याला, जे विकत घेतल्यापासून मनगटावर चढलंच नाही. वेळ दाखवायचं काम घड्याळाकडून काढून घेतलं की ते मौल्यवान होतं, हा शोध लावायला बुद्धी लागते.

क्रोनोग्राफ म्हणजे घड्याळातच बसवलेलं स्टॉपवॉच. बाजूचं बटण दाबलं की काटा सुटतो, पुन्हा दाबलं की थांबतो. तासाला 28,800 ठोके देणारं यंत्र सेकंदाचा आठवा भाग मोजतं. तबकडीभोवती आकड्यांचं कडं असेल, तर किलोमीटरच्या एका दगडापाशी बटण दाबून पुढच्या दगडापाशी थांबवावं. काटा ताशी वेग दाखवतो. गाडीतलं मीटर तोच वेग आधीपासून दाखवत असतं, पण ते फुकट दाखवतं.

या घराण्याचा इतिहासही उज्ज्वल आहे. 25 नोव्हेंबर 1969 रोजी ह्यूस्टनमधल्या मेजवानीत ओमेगा कंपनीनं अंतराळवीरांना सोन्याची स्पीडमास्टर घड्याळं भेट दिली. अशी एकूण 1,014 घड्याळं घडवली गेली. पहिला क्रमांक राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्यासाठी राखला होता, पण एवढी महागडी भेट नियमात बसत नसल्यानं ती त्यांना घेता आली नाही. पुढच्या एप्रिलमध्ये अपोलो 13 यान संकटात सापडलं. परतीची दिशा सुधारण्यासाठी इंजिन 14 सेकंद चालवायचं होतं आणि ते 14 सेकंद मोजले स्पीडमास्टरनंच, पण पोलादाच्या. पोलाद जिवावरच्या कामाला गेलं, सोनं जेवणाच्या पंगतीला. ज्याचं काम त्यानंच करावं.

बाजार मात्र अधूनमधून चुकतो. 26 ऑक्टोबर 2017 रोजी न्यूयॉर्कच्या लिलावात नट पॉल न्यूमन यांचं रोलेक्स डेटोना 1 कोटी 77 लाख 52 हजार 500 डॉलरला गेलं. त्या वेळच्या दरानं साधारण 115 कोटी रुपये. ते घड्याळही पोलादाचंच, शिवाय न्यूमन यांनी ते खुशाल वापरलेलं आणि पुढे मुलीच्या मित्राला देऊन टाकलेलं. त्याच खरिपात सोयाबीनचा हमीभाव बोनस धरून क्विंटलला 3,050 रुपये होता. म्हणजे त्या एका मनगटाची बरोबरी करायला पावणेचार लाख क्विंटल सोयाबीन लागलं असतं. इतकी पोती काट्यावर घालायची, चाळणी मारायची, ओलावा मोजायचा आणि पैसे खात्यावर यायची वाट बघायची. घड्याळाचा हातोडा काही मिनिटांत पडला. त्याचा ओलावा कुणी मोजला नाही.

कुणी म्हणेल, एवढी बारीक वेळ आपल्याकडे कुणाला लागते? लागते की. लातूरला नीटच्या शिकवणीला ठेवलेल्या पोराला लागते. 2025 पासून 180 मिनिटांत 180 प्रश्न, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. सेकंदाची किंमत त्याच्याइतकी अख्ख्या तालुक्यात कुणालाच ठाऊक नाही. पण त्या परीक्षेत मनगटी घड्याळ नेता येत नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून पेपर सोडवावा लागतो. ज्याला सेकंदाची गरज त्याचं मनगट मोकळं आणि ज्याला घाई नाही त्याच्या लॉकरात सेकंदाचा आठवा भाग. ही वाटणी कुणी ठरवून केलेली नाही, तरी इतकी चोख बसली आहे.

तेव्हा पुढच्या मृगाला बियाण्याचे पैसे कमी पडले, तर घरात सोन्याचा क्रोनोग्राफ आहे का ते आधी बघा. असला तर त्याला हात लावू नका. गंठणच काढा.