बारदान वजा जाता

घरी राहून पोर सांभाळणारा बाप तुमच्याही वॉर्डात एक असणारच, म्हणून वर्णन करत बसत नाही. खांद्यावर पोर, पोराच्या मुठीत बापाच्याच शर्टाची कॉलर, दुसऱ्या खांद्याला बायकोची जुनी पर्स, आणि तोंडावर असं तेज की पोर वाढवण्याचा शोध जणू यानंच लावला. त्याला 'काय चाललंय' असं विचारू नये. तो पोरीचं काय चाललंय ते सांगतो, आणि सुरुवात शीपासून करतो. तुम्ही तेव्हा तर्री-पोहे खात असाल तर तुमचं नशीब.

आमच्या हिंगणघाटातला नमुना माझ्या किराणा दुकानाच्या बरोबर समोर राहतो. गाव त्याला ग्रेडरभाऊ म्हणतं. एका जिनिंगमध्ये तो कापसाचा ग्रेडर होता. गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, सरकीवरची रुई चिमटीत धरून ओढायची, धागा डोळ्यांनीच मापायचा, मीटरच्या सुया खुपसायच्या आणि कास्तकाराच्या तोंडाकडे न पाहता आकडा बोलायचा. बायको समुद्रपूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका, लोकांच्या भाषेत नर्सबाई. तिची १८० दिवसांची बाळंतपणाची रजा संपत आली तेव्हा दोघांनी हिशोब मांडला. एक पगार बारा महिन्यांचा, दुसरा दसऱ्यापासून उन्हाळा लागेपर्यंतचा. बोली तिथंच संपली. जिनिंग सुटलं. ग्रेडिंग मात्र सुटलं नाही.

ज्यानं एकदा तरी कापूस विकला त्याला मॉइश्चर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण हमीभाव, पुढे दर टक्क्याला कपात, आणि १२ च्या वर गेलं की सरकारी खरेदी करणारी सीसीआय त्या मालाला हात लावत नाही. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याचा भाव ८११० रुपये क्विंटल जाहीर झाला खरा, पण ८११० मोजून घेणारे थोडे आणि 'मॉइश्चर जास्त हाय' हे ऐकून मान खाली घालणारे फार. ग्रेडरभाऊनं हे वाक्य आयुष्यात इतक्यांना ऐकवलंय की आता त्याच्या जिभेला दुसरं वळणच राहिलं नाही. फक्त ढिगाच्या जागी लंगोट आला.

दर अर्ध्या तासानं दोन बोटं आत जातात. डोळे आभाळाकडे लागतात. "साडेनऊ. चालते." पुन्हा अर्ध्या तासानं, "अकरा. उन्हात ठेवा लागंन." आणि बारा ओलांडले की अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा पुकारा होतो, "लॉट रिजेक्ट!" मग धावपळ, पावडर, नवा लंगोट. आमच्याच ओळीतल्या एका घरी तेरवी होती. पंगत बसलेली, गुरुजी संकल्प सांगताहेत, आणि हा मागून मोठ्यानं म्हणतो, "तेरा!" गुरुजींनी मान वळवून सांगितलं, "हो, आज तेरावाच." घरातल्या सुनेनं तोंडाला पदर लावला. लोकांना वाटलं, रडते आहे.

भरवण्याचंही तेच. वाटीभर वरण-भात घेऊन तो ओट्यावर बसतो आणि उतारा काढतो. एक क्विंटल कापसातून रुई निघते ३४-३५ किलो, बाकी सरकी. पोरीच्या पोटातही तेवढाच भात जातो. उरलेला भिंतीवर, त्याच्या मिशीत आणि माझ्या दुकानाच्या पायरीवर. "चौतीसचा उतारा हाय काकाजी, वाईट नाही," तो मला समाधानानं सांगतो. जावळ काढायच्या आदल्या दिवशी त्यानं एक केस पट्टीवर ठेवून मापला. एकोणतीस मिलिमीटर. ८११० च्या वर्गात बसायला अर्धा मिलिमीटर कमी पडला म्हणून दिवसभर तोंड पाडून होता.

इथवर मी सोसलं. पण सोमवारी सकाळी, गिऱ्हाइकांची गर्दी असते नेमकी तेव्हा, तो पोरीला माझ्या काट्यावर आणून बसवायला लागला. ताटली बाजूला, साखरेची थैली बाजूला, पोरगी मधोमध. ती बसल्या बसल्या शेंगदाण्यात हात घालते, त्याचं वजन धरायचं की नाही यावर वाद. मग आवाज येतो, "काकाजी, बारदान वजा करा." म्हणजे डायपर. कोरं बारदान किती ग्रॅमचं आणि अकरा टक्क्यांचं किती, हे त्याच्या वहीत लिहिलेलं असतं. कापसाची गाडी भरलेली तोलतात, रिकामी तोलतात आणि फरक धरतात. या न्यायानं पोरगी एकदा नेसवून आणि एकदा उघडी अशी दोनदा तोलली जाते. समोर एक आजीबाई गुळाची ढेप हातात धरून थांबलेल्या असतात. नंतर त्या गूळ परत ठेवतात.

"निव्वळ वजन नऊ किलो चारशे," तो वहीत लिहितो. 'निव्वळ' हा शब्द लिहिताना त्याची मान ताठ होते.

तोच आकडा घेऊन तो अंगणवाडीत जातो. तिथं दर महिन्याला पोरांचं वजन होतं, सेविकाबाई मोबाइलवर पोषण ट्रॅकरमध्ये भरतात. माता बैठकीला बायांच्या घोळक्यात हा एकटाच मिशीवाला. तिथला काटा नऊ किलो अडीचशे दाखवतो. झालं! दीडशे ग्रॅम गेले कुठं? "ताई, काटा झिरो केला होता का?" सेविकाबाई म्हणतात, "भाऊ, पोरगी हालून राहिली." हा ऐकत नाही. उभ्या जन्मात कास्तकारांनी याच्या काट्यावर संशय घेतला. आता हा सरकारच्या काट्यावर घेतो. तेव्हा कास्तकाराला कोण उत्तर देत होतं, ते मी त्याला विचारलं नाही. मला त्याला उधारीवर माल द्यायचा असतो, आणि तो वेळेवर पैसे देतो.

मोजणीचा हा रोग तसा या गावच्या पाण्यातच असावा. १८०२ पासून मद्रासकडून हिंदुस्थान मोजत वर निघालेला विल्यम लॅम्टन, अर्ध्या टनाचं थिओडोलाइट वाहून नेणारा तो जिद्दी इंग्रज, २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटातच मेला. इथंच पुरलाय. त्याच्या हाताखालच्या एव्हरेस्टचं नाव जगातल्या सगळ्यात उंच शिखराला मिळालं. लॅम्टनचं थडगं आमच्या गावात कुठं आहे ते दहा जणांना विचारलं तर नऊ जण तुम्हालाच उलट विचारतील. ग्रेडरभाऊला मात्र ठाऊक आहे. पोरीला एकदा तिथं फिरवूनही आणलं. आता दरवाजाच्या चौकटीवर दर पौर्णिमेला तिच्या उंचीची रेघ मारली जाते. "पायथा पक्का पाहिजे काकाजी," असं म्हणत तो तिच्या टाचा जमिनीला दाबून धरतो आणि ती लॅम्टनच्या नावानं बोंब ठोकते.

पुरुष माणसं त्याला कट्ट्यावर टोचतात, तेव्हा तो सेवाग्रामचा आधार घेतो. आमचा जिल्हाच तसा. इथं कशालाही गांधीजी सापडतात. 'सत्याचे प्रयोग' मध्ये बापूंनी लिहून ठेवलंय की शेवटच्या दोन मुलांचं सगळं त्यांनी स्वतः केलं. डॉ. त्रिभुवनदासांचं 'माने शिखामण' हे पुस्तक वाचून घेतलं, आणि १९०० मध्ये देवदासच्या वेळी दाई वेळेवर मिळेना तेव्हा बाळंतपणही स्वतःच केलं. ग्रेडरभाऊ हे पान पाठ असल्यासारखं सांगतो. कट्ट्यावरचा एक जण म्हणाला, "हाव, पण बापूजवळ तवा वकिली होती. तुह्याजवळ काय हाय?" माझ्या बायकोनं दुकानातूनच विचारलं, "अन् कस्तुरबा काय करून राहिल्या होत्या तेव्हा? त्यांनी लिहिलं का काही?" यावर ग्रेडरभाऊनं पोरीच्या लंगोटात दोन बोटं घातली. "दहा," तो म्हणाला आणि घरी गेला.

मला त्याचा राग यायचा तो वेगळ्याच कारणानं. दुपारी ओट्यावर जमलेल्या बाया त्याच्याकडे पाहून हळहळायच्या, "किती करते हो बिचारा! अंघोळ घालते, भरवते, झोपवते. देवमाणूस." या बोलणाऱ्यांपैकी एकीनं चार पोरं वाढवली आहेत, तेही सकाळी निंदायला जाऊन. तिला कुणी देव म्हटल्याचं मला आठवत नाही. आणि संध्याकाळी सातच्या सुमारास बसस्टँडकडून नर्सबाई चालत येते, दिवसभर लसीचा डबा आणि रजिस्टरं वागवून; तेव्हा त्याच बाया तिला म्हणतात, "आली का गं? पोट्टी दिवसभर रडली वो तुह्यासाठी." पोरगी अजिबात रडलेली नसते. दिवसभर ती माझे शेंगदाणे खात असते.

सरकारचं शहाणपणही याच ओट्यावरचं. राज्य सरकारनं २०१८ मध्ये बालसंगोपन रजा काढली, अख्ख्या नोकरीत १८० दिवस. बाईला मिळते. पुरुषाला मिळते ती बायको नसेल तर, किंवा असाध्य आजारानं अंथरुणाला खिळलेली असेल तर. बाप म्हणून रजा हवी असेल तर आधी बायकोचं वाईट व्हायला पाहिजे. एका मास्तरांनी हा नियम सांगितला तेव्हा ग्रेडरभाऊ म्हणाला, "बरं झालं, आपण सरकारी नाही. फुकट बायकोवर डोळा ठेवा लागला असता." एक सुधारणा मात्र त्याच्या पोरीच्या वाट्याला आली. १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या लेकरांच्या कागदांवर आधी आईचं नाव, मग बापाचं. तिच्या दाखल्यावर ते तसंच आहे. दाखला दाखवताना हा म्हणतो, "माहं नाव मागं गेलं काकाजी." आणि हसतो. इतका हसतो की खोटं वाटावं.

पावसाळ्यात पोरीला जुलाब लागले. नर्सबाई त्या दिवशी लसीकरणाला आडगावी, फोन लागेना. माझ्या स्कूटरवर मागं हा आणि याच्या पोटाशी ती. डॉक्टरांनी नेहमीचे प्रश्न विचारले: कधीपासून, किती वेळा, लघवी शेवटची केव्हा? याला आपण सगळे जे उत्तर देतो ते म्हणजे 'कालपासून, लय वेळा'. यानं पर्समधून वही काढली. पहाटे चार दहा, पातळ. पाच चाळीस, पातळ, कचरा नाही. लघवी सहा वाजता, मॉइश्चर अकरा. आठ वाजता साडेनऊ. त्यानंतर कोरडं. डॉक्टरांनी वही हातात घेतली, मॉइश्चर म्हणजे काय ते विचारून घेतलं, आणि अख्खं पान वाचलं. हसले नाहीत. ओआरएस आणि १४ दिवसांचं झिंक लिहून दिलं. दर चमच्याची वेळ लिहा, असंही सांगितलं. ते कशाला सांगायचं त्याला! बाहेर आल्यावर तो स्कूटरला टेकून उभा राहिला. वही उघडायला गेला, पण पान काही उलटेना; बोटं थरथरत होती. मी दुसरीकडे पाहिलं. माझ्या तीन पोरांना लहानपणी काय काय झालं, ते आमच्या हिला विचारावं लागतं.

रात्री नर्सबाई आली, वही वाचली, आणि उपकेंद्रात आयांना मोठ्या आवाजात सांगायची सवय असलेली ती बाई काही न बोलता पोरीजवळ आडवी झाली. हे मला आमच्या हिनं सांगितलं. मी बघायला गेलो नव्हतो.

दसरा झाला, हंगाम सुरू झाला, जिनिंगवाल्यांचा निरोप आला. या वेळी पगार वाढवून. पोरगी दीड वर्षाची, चालती झालेली. दोघांनी पुन्हा हिशोब मांडला. हा कामावर गेला, आणि गावाहून त्याची सासू गाठोडं घेऊन राहायला आली. ती पोरीला अंघोळ घालते, भरवते, झोपवते. वही नाही, उतारा नाही, पुकारा नाही. ओट्यावरच्या बायांनी तिच्याकडे पाहून हळहळणं सुरू केलेलं नाही. त्या तिला निवडायला तूरडाळ आणून देतात. सोमवारी मी काटा मोकळा ठेवून वाट पाहिली. शेवटी हाक मारली, "पोरीचं वजन नाही करायचं का?" म्हातारी म्हणाली, "कशाले? काखेत घेतली का समजते."

दुपारी जिनिंगच्या घरघराटातून याचा फोन येतो. सासूबाई फोन उचलत नाहीत, म्हणून माझ्या दुकानात.

"काकाजी, मॉइश्चर किती?"

गिऱ्हाईक समोर असतं. मी जागेवर बसूनच 'नऊ' ठोकून देतो. बाजारात अनेकांचे आकडे असेच निघाले आहेत. पण कापसाच्या माणसाला फसवणं सोपं नसतं. काल तो म्हणाला, "काकाजी, सोमवारी बी नऊ, मंगळवारी बी नऊ. तुमी उठून पाहून नाही राहिले."

तेव्हा आता उठावं लागतं. गिऱ्हाइकाला म्हणतो, दोन मिनिटं थांबा, डाळ तोलायची राहू द्या, आलोच.