उलटसुलट बुलडॉग

मला जुनी यंत्रं आवडतात, त्यांतही ज्यांना आपलं काही लपवता येत नाही अशी. या बाबतीत जर्मनीचा लांझ बुलडॉग हा ट्रॅक्टर अव्वल. मानहाइमच्या हाइनरिश लांझ कंपनीत फ्रिट्झ हूबर नावाच्या इंजिनिअरने तो घडवला आणि १९२१ साली बाजारात आणला. सिलिंडर एकच, तोही आडवा, पण सहा लिटरांहून मोठा. एवढ्या ऐसपैस पोटातून ताकद निघायची बारा अश्वशक्ती. आजचा एखादा मोटरसायकलवाला हे ऐकून हसेल. हसू द्या. त्याची मोटरसायकल जळकं इंजिन ऑइल पिऊन दाखवेल का? बुलडॉग पितो. क्रूड तेल, डांबरी तेल, वनस्पती तेल, जे ओताल ते त्याला चालतं.

स्पार्क प्लग नाही, कार्ब्युरेटर नाही, व्हॉल्व्हदेखील नाहीत. सिलिंडरच्या तोंडाशी लोखंडाचा एक पोकळ गोळा असतो. तो तापलेला असला की आत फवारलेलं तेल पेट घेतं आणि मग इंजिन स्वतःच्या धगीवर चालत राहतं. प्रश्न फक्त पहिल्या धगीचा. त्यासाठी ब्लोलँप पेटवून ट्रॅक्टरच्या नाकाशी लावायचा आणि थांबायचं. रॉकेलचा स्टोव्ह पेटवताना बर्नर तापण्याची वाट पाहिलेल्यांना या थांबण्याची जात लगेच ओळखू येईल. मी यूट्यूबवर हे विधी तन्मयतेने पाहतो. बायको जाता-येता विचारते, "झाला का चालू?" झालेला नसतो.

पुढचा भाग मात्र खरा देखणा. पुढच्या काळातल्या बुलडॉगांत स्टिअरिंग दांड्यासकट उपसायचं, बाजूच्या फ्लायव्हीलमध्ये खोचायचं आणि त्याला मागे-पुढे झोके द्यायचे. धाड! इंजिन जागं होतं, ट्रॅक्टर उभ्या जागी थडथड उडू लागतो आणि त्याचं स्टिअरिंग असतं मालकाच्या हातात. ते परत बसवल्यावरच स्वारी हलायची. किल्ली गाडीतच विसरणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी ही फार विचारपूर्वक केलेली सोय वाटते.

हे टू-स्ट्रोक इंजिन सुलट फिरेल तसंच उलटही, आणि त्याला स्वतःला त्याचं सोयरसुतक नसतं. पहिल्या बुलडॉगला तर रिव्हर्स गिअरच नव्हता. मागे जायचं असेल तर इंजिन मरणाच्या दारापर्यंत हळू करायचं आणि पिस्टन पुढे सरकायला कचरला की नेमक्या क्षणी तेल द्यायचं, म्हणजे ते उलट्या दिशेला उसळायचं. चुकलं तर इंजिन बंद, आणि पुन्हा सुरुवातीपासून सगळं. शिवाय चालू करतानाच इंजिन भलत्या दिशेला फिरू लागलं, तर क्लच सोडल्यावर ट्रॅक्टर नांगराकडे न जाता थेट मागच्या भिंतीकडे निघायचा. तेव्हा आधी फ्लायव्हीलकडे बघायचं, मग क्लच सोडायचा. माझ्या ओळखीच्या काही माणसांना असं बाहेरून दिसणारं फ्लायव्हील हवं होतं.

पोलंडच्या उर्सुसने या गड्याची नक्कल केली, फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियातही त्याचे भाऊबंद निघाले. १९५६ साली अमेरिकेच्या जॉन डिअरने लांझ कंपनी ताब्यात घेतली आणि चारेक वर्षांत बुलडॉग बनायचे थांबले. मानहाइमच्या त्या कारखान्यात आजही ट्रॅक्टर तयार होतात. त्यांचं स्टिअरिंग जागचं हलत नाही.