‘बरं हाय’ हे उत्तर नव्हे

अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बुलडाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळच्या शेतात माणसं जमतात. आदल्या संध्याकाळी तिथे घट मांडलेला असतो. गोलाकार १८ धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाच्या ४ महिन्यांची ४ ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, वर पापड, कुरडई, वडा. रात्रीतून कोणता दाणा हलला, कोणतं ढेकूळ भिजलं, ते पाहून वाघ कुटुंबातले लोक पीकपाण्याचं भाकीत सांगतात. ही परंपरा सुमारे ३५० वर्षांची मानली जाते.

भाकितावर माझा विश्वास नाही. पावसासाठी हवामान खातं आहे. शिवाय भेंडवळचं भाकीत माणसं धुऱ्यावरून परतायच्या आत मोबाइलवर जिल्हाभर फिरतं. तरीही विदर्भातून, खानदेशातून, मध्य प्रदेशातून शेतकरी येतात. घरबसल्या कळणाऱ्या गोष्टीसाठी अंधारात वाट तुडवतात.

का येतात, ते भाकीत संपल्यावर कळतं. घोळके करून माणसं बोलत उभी राहतात. औंदा सोयाबीन किती, कपाशी किती? बियाणं कोणतं घेतलं? मजूर मिळतो का? बँकेचं नवं-जुनं झालं का? मी भेंडवळला जातो तो या बोलण्यासाठी.

तिथेच माझा नांदुऱ्याकडचा शाळासोबती भेटला. वर्गमित्रांच्या ग्रुपवर त्याचं रोज सकाळी फूल येतं. कोणी ‘कसं चाललं?’ विचारलं की दोन शब्द येतात, ‘बरं हाय.’ त्या पहाटे मीही तेच विचारलं. तोही तेच म्हणाला. फक्त म्हणताना त्याने नजर खाली घेतली. मी काही बोललो नाही. चहाच्या टपरीशी बसलो. अर्ध्या कपानंतर तो आपणहून म्हणाला, “बैलजोडी इकली.” दोन महिने झाले होते. ग्रुपवर ५४ जण, एकालाही माहीत नाही. “सांगितलं काहून नाही?” मी विचारलं. तो म्हणाला, “ग्रुपवर काय टाकू भाऊ?”

त्याचं बरोबर होतं. बैल विकल्याचा मेसेज कोणी टाकत नाही. टाकलाच तर खाली हात जोडल्याची चित्रं येतील आणि त्याखाली कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस. काही गोष्टी समोर माणूस बसला असेल तरच तोंडातून निघतात. त्यांना गप्प बसणारा सोबती लागतो, वेळ लागतो.

हे मी आठवणींच्या ओढीने लिहीत नाही. मेसेजने माझीही कामं होतात. पण आपला जिल्हा कोणता, ते विसरून चालणार नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या ६ जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यांत बुलडाणा होता. इथे ‘बरं हाय’ या दोन शब्दांमागे काय दडलंय, हा जिवाचा प्रश्न आहे.

सरकारलाही हे उमगलं. २०१५ साली मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू झाला. त्यात हेल्पलाइन आहेच. पण तेवढ्यावर भागलं नाही. आशाताईंना घरोघर पाठवावं लागलं. झोप लागते का, जेवण जातं का, मन कशात लागतं का, हे दारात जाऊन विचारावं लागलं. खचलेला माणूस स्वतः फोन लावत नाही, म्हणून कोणीतरी त्याच्या ओसरीवर पोचायला हवं.

मग आपण काय करतो? गावात कोणी गेलं तर मातीला न जाता ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहितो, तीही वरच्याची उचलून. लग्नाला मोबाइलवर पत्रिका धाडतो आणि पाहुणे आले नाहीत म्हणून रुसतो. भावाभावांत बांधावरून बिनसलं की ग्रुप सोडतो. सगळी जबाबदारी आशाताईंवर टाकून आपण अंगठे दाखवत बसायचं, हे पटत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली ठरवलं की संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजला की दीड तास मोबाइल आणि टीव्ही बंद. तिथे जे जमलं ते मोताळ्यात, मेहकरात, देऊळगावराजात का जमू नये? भोंगा नसला तरी पार आहे, देवळाचा ओटा आहे, टपरी आहे. पत्रिका मोबाइलवर जाऊ द्या. पण मौत, भांडण, कर्ज आणि आजारपण या चार गोष्टींना पायांनी जा.

मंगळवारी सकाळी ग्रुपवर त्याचं फूल आलं. मी उलट फूल पाठवलं नाही. नांदुऱ्याची एसटी पकडली.