समुद्र गेला पालघरला

1 ऑगस्ट 2014 रोजी आमचा समुद्र गेला. तो शासनाच्या अधिसूचनेने नेला. ठाणे जिल्ह्याचं विभाजन होऊन पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला, आणि वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा असे आठ तालुके आपापल्या लाटा, डोंगर नि चिकूच्या वाड्या घेऊन वेगळे निघाले. वाटणीत ठाण्याकडे उत्तनचा किनारा आणि थोड्या खाड्या तेवढ्या उरल्या. आता शहापूर-मुरबाडच्या दाराशी समुद्र कधीच नव्हता, हे खरं. पण शाळेत असताना ‘आमच्या जिल्ह्याच्या पश्चिमेस अरबी समुद्र आहे’ हे वाक्य आम्ही असं ठासून लिहायचो, की जणू तो रोज संध्याकाळी आमच्या परसात येऊन बसतो.

त्या गेलेल्या समुद्राला भेटून यावं, असं शहापुरातल्या आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर ठरलं. सहलवाल्याने पत्रक दिलं : ‘सागरकिनारा, वन्यजीव आणि आदिवासी संस्कृती – तीन रात्री, चार दिवस’. आमच्याकडून चर्चा झाली ती चहा दोनदा की तीनदा, यावर. गाडी भरेना म्हणून मुरबाडकरांना बोलावलं. ते सरळगाव-किन्हवली रस्त्याने पहाटेच येऊन, खिडकीच्या जागा धरून बसले, आणि तिथूनच दोन तालुक्यांचं जुनं भांडण नव्याने सुरू झालं. आम्हाला आसनगावचं स्टेशन आहे. मुरबाडकरांनी रेल्वे येणार, येणार एवढंच ऐकत केस पिकवले. हे काढलं की ते नाणेघाट काढतात. सोपाऱ्याच्या नि कल्याणच्या बंदरात उतरलेला माल आमच्या वैशाखऱ्यावरून वर जुन्नरला जायचा, सातवाहनांच्या काळी तुमचं शहापूर होतं कुठे? घाटमाथ्यावरचा जकातीचा दगडी रांजण तर ते असा वर्णन करतात, की कालपर्यंत तिथे यांचेच काका वसुलीला बसत होते. घाटाचा पायथा तेवढा मुरबाडचा आणि डोकं जुन्नर तालुक्यात आहे, हे मी सांगितलं नाही. चार दिवस एका गाडीतून जायचं होतं.

पत्रकातली ‘आदिवासी जीवनाचे जवळून दर्शन’ ही ओळ वाचून आमच्या मोठ्या वहिनी थबकल्या. “म्हणजे शेवळंवाल्या बाईचं?” त्यांचं चुकत नव्हतं. शहापूर-मुरबाडच्या बाजारात ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली ही माणसं रोज भेटतात. फक्त त्याला दर्शन म्हणायची आमची पद्धत नाही. पहिला पाऊस पडला की रस्त्याच्या कडेला शेवळांच्या जुड्या येतात. कणसासारखा तो जांभळट कोंब नुसता शिजवला तर घशाला अशी खाज सुटते, की माणूस दोन दिवस कुणाशी भांडू शकत नाही. म्हणून जुडीबरोबर बाई मूठभर काकडं देते, काकडाच्या झाडाची हिरवी, आंबटतुरट फळं. “ही ठेचून रस घाला, नायतर खाजंल,” हे बजावते, आणि नवी सून दिसली तर दोनदा बजावते. कुठला कंद खाजतो, कुठल्या पाल्याने ती खाज मरते, हे कुणीतरी कधीतरी स्वतःच्या घशावर शिकलं असणार. ते सगळं ज्ञान जुडीच्या भावातच येतं आणि वर आम्ही पाच रुपये कमी करून मागतो.

पहिला मुक्काम तानसा. म्हणजे पैसे भरून, बॅगा बांधून, औषधांचे डबे बरोबर घेऊन आम्ही आमच्याच तालुक्यात उतरलो. याला सहलवाल्याची हुशारी म्हणावी की आमची, हे ठरेना. कारण गाडीतल्या निम्म्यांनी तानसा धरण शाळेच्या सहलीनंतर पाहिलंच नव्हतं. 1892 मध्ये पुरं झालेलं ते दगडी धरण अजून मुंबईला पाणी पाजतं. भातसा आणि मोडकसागरही इकडचेच. आणि चैत्र-वैशाखात याच तालुक्यातल्या पाड्यांवर बायका टँकरची वाट बघत हंडे रांगेत मांडून ठेवतात. धरणाच्या भिंतीकडे बघून एक मुरबाडकर म्हणाले, “मुंबईच्या माणसाने आंघोळ करताना तरी शहापूरचं नाव घ्यावं.” त्यावर आम्ही दोन्ही तालुके प्रथमच एकमताने हसलो.

जंगलात फिरवायला जवळच्या पाड्यावरचा एक तरुण होता. तो हळू बोला म्हणायचा, आणि आम्ही एकमेकांना मोठ्याने ‘हळू बोला’ सांगायचो. प्राणी अर्थातच दिसले नाहीत. पण त्याने रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली. हे बुटकं घुबड 1884 नंतर कुणाला सापडेना. शास्त्रज्ञांनी ते जवळजवळ संपल्यात जमा केलं. 1914 सालचा म्हणून एक नमुना लंडनच्या संग्रहालयात होता, तर तो मायनर्ट्‌झहागेन नावाच्या इंग्रज साहेबाने दुसऱ्याचा चोरून, चिठ्ठी बदलून ठेवलेला निघाला. शेवटी नोव्हेंबर 1997 मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांना नंदुरबारकडे शहाद्याजवळ तो जिवंत दिसला. आमच्यातले सगळे पेन्शनर एकदम हळवे झाले. नोव्हेंबरात हयातीचा दाखला देणं म्हणजे काय, ते आम्हाला माहीत आहे; पण एकशे तेरा वर्षं थकवून दाखला देणारा हा पहिलाच. आणि गंमत म्हणजे हा पिंगळा दिवसाढवळ्या फांदीवर बसतो. घुबड आहे म्हणून लोक त्याला रात्री शोधत राहिले असतील, असं कॅशियरकाकांचं मत पडलं. ते खरं असेलच असं नाही, पण बँकेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला हरवलेली गोष्ट कुठे शोधतात नि कुठे सापडते याचा अनुभव असतो. तानशाच्या जंगलात हा पक्षी नोंदला गेला तो 2014 मध्येच. समुद्र गेला त्याच वर्षी पिंगळा आला. जिल्ह्याची वही जुळली म्हणायची.

खऱ्या अर्थाने आमच्या भागातून समुद्रापर्यंत सहल केली ती मात्र एका बिबट्याने. 2009 च्या उन्हाळ्यात नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला तो विहिरीत पडला. वनखात्याने काढला, संशोधक विद्या अत्रेय यांनी त्याच्या गळ्यात पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. वय झालेलं, म्हणून नाव ठेवलं आजोबा. पट्टा सांगू लागला तशी सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. आजोबा कसाऱ्याजवळून रेल्वे ओलांडून, वसईच्या कारखान्यांमधून, शेवटी खाडी पोहून मुंबईच्या नॅशनल पार्कच्या नागला भागात जाऊन पोचले. सुमारे 120 किलोमीटर. वाटेत कुणाला ओरखडाही काढला नाही. चहा किती वेळा, हेही विचारलं नाही. 2014 मध्ये त्यांच्यावर सुजय डहाके यांनी सिनेमा काढला, ऊर्मिला मातोंडकर त्यात संशोधक झाली होती. पण तो पाहायला आजोबा नव्हते. डिसेंबर 2011 मध्ये हायवेवर एका गाडीने त्यांना उडवलं. ही गोष्ट सांगून होईपर्यंत गाडीतल्या ज्येष्ठांचे चेहरे घरचं माणूस गेल्यासारखे झाले, आणि मग सगळ्यांनी मिळून आमच्या ड्रायव्हरला सावकाश चालवायचा सल्ला दिला. तो तेव्हा जेवत होता.

रात्री शेकोटीपाशी एका बाईंनी ऑस्ट्रेलिया काढला. मुलगी तिकडे असल्याने त्या थेट उत्तरेचं काकाडू बघून आल्या होत्या : मगरी, दमट किनारा, कातळावरची हजारो वर्षांची चित्रं. “आणि वाटाड्या तिथलाच मूळ रहिवासी. आम्ही त्याच्या घरात पाहुणे आहोत असा वागत होता.” मग उलुरूचा तो तांबडा डोंगर. 1985 मध्ये सरकारने तिथली जमीन अनंगू लोकांच्या नावे परत केली, त्यांनी ती उद्यानाला भाड्याने दिली. डोंगर आम्हाला पवित्र, चढू नका, असं ते वर्षानुवर्षं सांगत राहिले आणि 26 ऑक्टोबर 2019 पासून चढणं कायमचं बंद झालं. आमचा वाटाड्या हे फार लक्ष देऊन ऐकत होता. “म्हंजे भाडं त्यांना मिळतं?” त्याने विचारलं. मिळतं म्हटल्यावर तो थोडा वेळ लाकूड सारत राहिला. त्याच्या बापाने 2006 च्या वनहक्क कायद्याखाली दावा केला होता तो एकराचा, पट्टा मिळाला काही गुंठ्यांचा. तेवढं सांगून त्याने उद्याच्या नाश्त्याला पोहे की उपमा, ते विचारलं. हात वर करून मतदान झालं. पोहे जिंकले.

दुसऱ्या दिवशी वाड्यावरून मनोर, तिथून डहाणू. रस्त्याकडेला वीटभट्ट्या धुमसत होत्या. दिवाळी झाली की आमच्या पाड्यांवरूनही टेम्पो भरून निघतात. त्यात भांडी, गोधड्या, कोंबड्या, एखादी शेळी, वर पोरं आणि अगदी शेवटच्या क्षणी उडी मारून चढलेलं कुत्रं. कातकऱ्यांची अख्खी वाडी उठून भिवंडी, कल्याण, पनवेलकडे भट्टीवर जाते. शेठकडून उचल आधीच घेतलेली असते, दर आठवड्याला खर्ची मिळते, आणि पावसाच्या तोंडाशी हिशेब होतो. तो बहुधा असा होतो, की पुढच्या वर्षीही यायला लागतं. आमच्या पत्रकात एका ओळीने लिहिलं होतं, ‘सर्व खर्च समाविष्ट’. त्यांच्या प्रवासात तो कुठे समाविष्ट असतो, हे फक्त शेठच्या वहीला माहीत.

डहाणूजवळ बोर्डीला पोचलो तर समुद्र जागेवर नव्हता. ओहोटी. सुरूच्या झाडांपलीकडे ओली रेती लांबवर पसरलेली आणि कुठेतरी टोकाला पाण्याची पांढरी रेघ. “इथूनही गेला?” असं कुणीतरी म्हणालं. मग घोलवडचे चिकू खात आम्ही त्याची वाट बघत बसलो, नि संध्याकाळी तो आला तेव्हा मुरबाडकरांनी प्रथम पाय भिजवले आणि सातवाहनांच्या वतीने त्याला ओळख दिली.

तिसरा दिवस संस्कृतीचा. सकाळी वारली चित्रांची कार्यशाळा. गेरूने सारवलेला कागद, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूची काडी. शिकवणारा मुलगा म्हणाला, वर एक त्रिकोण, खाली एक त्रिकोण, मध्ये टोकाला टोक, झाला माणूस. कॅशियरकाकांनी स्वतःच्या पोटाकडे बघून विचारलं, “टोकाला टोक सगळ्यांचंच लागतं का?” लग्नघराच्या भिंतीवर चौक लिहायचं हे काम पूर्वी सवाष्णींचं. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी रोजचं जगणं त्यात आणलं. नदीत सोडलेलं जाळं, वारूळ, पेंढा वाहणारी माणसं. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्यातल्या बहुतेकांनी काढली आमचीच बस. ती कागदावर थांबलेली होती, खिडकीत त्रिकोण बसलेले होते, आणि बाहेर एक कोंबडी जोरात पळत होती. मुलाने सगळ्यांना ‘छान’ म्हटलं. कोंबडीला मात्र त्याने थोडा वेळ जास्त दिला.

संध्याकाळी तारपा. खरं तर तारपा वाजतो तो भात पिकायच्या दिवसांत. इथे तो जानेवारीत, साडेसात वाजता, सूपनंतर वाजला. दुधी भोपळ्याचा फुगीर भाग, बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा श्वास तोडत नाही, गाल फुगलेलेच राहतात. नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात घालून गोल फिरतात, साप वेटोळं घालतो तसे आत वळतात, पण तारपावाल्याला पाठ दाखवत नाहीत. कार्यक्रमासाठी सगळ्यांना एकाच रंगाची लुगडी नि फेटे होते, ते आम्हाला जरा शाळेच्या गॅदरिंगसारखं वाटलं. पण दहा मिनिटांनी पाय असे काही जमले की गुडघे बदललेल्या वहिनीही त्या साखळीत शिरल्या आणि बाहेर यायला तयार होईनात.

नंतर तीच पोरं जीन्स घालून चहा प्यायला आली. साखळीत शेपटाला असलेला एक जण आमच्याजवळ बसला. आयटीआय करतो म्हणाला. आम्ही शहापूर सांगितल्यावर त्याचा चेहरा उजळला. “वाशिंदच्या पुढं भट्टीवर होतो आम्ही. मी पाचवीपर्यंत तिकडंच. भोंग्यातच राहायचो.” कच्च्या विटा रचून, वर पेंढा टाकून केलेली ती झोपडी आम्ही रेल्वेच्या खिडकीतून आयुष्यभर पाहिली होती, तिच्या आतून गाडीकडे बघणारं माणूस प्रथमच भेटलं. “तुमच्या गाडीला आम्ही हात करायचो,” तो म्हणाला. “सकाळच्या कसारा लोकलला. कुणी करायचं नाही परत.” कॅशियरकाका तीस वर्षं त्याच लोकलने ठाण्याला गेलेले. ते चष्मा पुसायला लागले, मग एकदम म्हणाले, “मी तीन पत्ती खेळत असायचो रे.”

पोरगा हसला. भट्टीमागे जांभळाचं झाड होतं, ते आहे का अजून, असं त्याने विचारलं. झालं. एक म्हणाले, ते जांभूळ हायवेत गेलं. दुसरे म्हणाले, हायवेत गेला तो आंबा. समृद्धी महामार्गाने आमच्या तालुक्यातली काय काय झाडं खाल्ली याची यादी सुरू झाली. एका मुरबाडकराने तर, वाशिंदला कधी जांभूळ नव्हतंच, जांभूळ मुरबाडला, असं जाहीर केलं. काकांनी पोराचा नंबर घेतला, ‘जांभूळ वाशिंद’ या नावाने फोनमध्ये ठेवला आणि गेल्याबरोबर झाड बघून कळवायचं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी परतताना गाडी पार मनोरपर्यंत यावरच भांडत होती की वाशिंदला जायचं ते कुणी, कुठल्या लोकलने, आणि भट्टीवाल्याला आपण कोण म्हणून सांगायचं.