अंतराळ आणि अंतरपाट

ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायचं, तेव्हा अमरावतीच्या आमच्या घरात ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. त्याचा एक फायदा होता. या मालिकेत लाल सदरा घालून परग्रहावर उतरलेला गडी सहसा जिवंत परतत नाही. आमच्याकडे सगळेच सदरे राखाडी, त्यामुळे आज कोण मरणार याची उत्कंठा शेवटपर्यंत टिकायची.

टीव्ही असा, पण व्हीसीआर मामांनी मस्कतहून आणलेला. फाटक्या धोतराला जरीकाठ! म्हणूनच अकोल्याच्या चुलतभावाच्या लग्नाची कॅसेट आमच्याकडे मुक्कामाला होती. कॅसेटच्या पाठीवरची प्लॅस्टिकची खुंटी मोडली की तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. व्हिडिओवाल्यानं ती इमानेइतबारे मोडली होती. मी त्या भोकावर चिकटपट्टी लावली. पन्नासेक मिनिटांचा एक भाग, याप्रमाणे तीन रविवारांत सप्तपदी, पंगत आणि पाठवणी अंतराळात गेली. हळद आणि मंगलाष्टकं तेवढी वाचली. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट हलतो आणि पलीकडून टोकदार कानांचा स्पॉक एक भुवई वर करून बघतो.

वहिनींना मी ‘कॅसेटला बुरशी लागली’ असं सांगून ठेवलं.

आपल्याकडे संत्र्याला आंबिया आणि मृग असे दोनच बहार. १९६६ ते ६९ या काळात पिकलेल्या ‘स्टार ट्रेक’च्या ७९ भागांना मात्र दर चार-पाच वर्षांनी नवा बहार येतो. आधी कॅसेट, मग लेझर डिस्क, मग एकेका डीव्हीडीवर दोन-दोन भाग. २००४ साली पिवळ्या, निळ्या आणि लाल डब्यांतले तीन संच आले. भाच्यानं ते अमेरिकेतून आणले, तर आमच्या प्लेअरनं ‘हा प्रदेश आपला नव्हे’ म्हणून तबकडी बाहेर फेकली. २००७ मध्ये एचडी डीव्हीडीवर पहिला सीझन आला आणि काही महिन्यांतच तो प्रकारच निकालात निघाला. घेणाऱ्यांचे उरलेले दोन सीझन राहूनच गेले. २००९ मध्ये ब्लू-रे आली. माल तोच, पोतं नवं!

सगळ्यात नवल पहिल्या, नापास झालेल्या भागाचं. ‘द केज’ १९८६ साली कॅसेटवर आला तो अर्धा रंगीत, अर्धा ब्लॅक अँड व्हाइट, कारण काही रंगीत फीत हरवलेली होती. पुढं ती सापडली आणि १९८८ साली अख्खा भाग रंगीत दाखवला गेला.

हे सगळं मी मागच्या दिवाळीत अकोल्याला, चकल्या खाता खाता, मोठ्या रंगात येऊन सांगितलं. वहिनींनी झारा कढईच्या काठावर ठेवला.

“त्यायची येवढ्या वर्सानं सापडली नं? मंग माहीबी शोधा. तुमच्याच कपाटात हरपली हाय.”

मी बुरशीचा विषय काढला.

“बुरशी गेली खड्ड्यात! चाळीस वर्सं होत आले भाऊजी, तुमच्या कॅसेटात माहं लगन अजून लागलंच नाही!”